कानातला श्वास

शेंगाचटणी बँडमधली तिघं एकमेकांशी भांडायची बंद झाली, तेव्हाच खरं तर अश्लेषाला संशय यायला हवा होता. गाणारी-वाजवणारी माणसं एकत्र आली आणि भांडण नाही, असं कुठं असतं का?

आधी भांडण रोजचं होतं आणि त्याला कारणही भक्कम होतं. स्टेजवर उभ्या माणसाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. लोकांना हे सांगितलं तर पटत नाही, पण मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. गाणाऱ्याच्या वाट्याला येतो तो मैदानाच्या टोकाला आपटून परत आलेला आवाज, तोही उशिरा, शिळ्या बातमीसारखा. स्वतःला ऐकू आलं नाही की माणूस नकळत आवाज चढवतो आणि आवाज चढला की सूर सुटतो. म्हणून पूर्वी स्टेजच्या कडेला, वाजवणाऱ्यांकडे तोंड करून, बसके स्पीकर ठेवायचे. त्यांचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की कान फाडणारी शिट्टी वाजायची. पुढं कानात घालायची बोंडं आली. ज्याचं त्याचं बोंड वेगळं, त्यात कोण किती मोठ्यानं वाजणार हे ज्याचं त्यानं साउंडवाल्याला सांगायचं. आणि सांगायचे सगळे एकच.

"मला मी जास्त दे."

विरुपाक्ष अण्णांनी हा बँड काढला, ते कीबोर्ड वाजवायचे. त्यांना कानात कीबोर्ड हवा. दस्तगीरला स्वतःची ढोलकी. अश्लेषा बोल्ली गायची, तिला स्वतःचा आवाज हवा आणि थोडी ढोलकी. कीबोर्ड मागायला ती विसरायची, आणि ते अण्णांना हमखास कळायचं.

"माझा कीबोर्ड नको ना तुला कानात? मग गा की एकटीच, भोंडल्यात!"

"अण्णा, तुम्ही तर डोळे मिटून वाजवता," दस्तगीर म्हणायचा. "तुम्हाला कानातबी कुणी नको आणि डोळ्यातबी कुणी नको."

अशा या बँडमध्ये 'स्वकर्ण' आलं आणि शांतता झाली.

स्वकर्ण म्हणजे त्याच बोंडांची शहाणी आवृत्ती. कानाच्या नळीचा साचा घेऊन केलेली, आत इतकी चपखल बसणारी की बाहेरचं जग बंदच. कानाच्या कातडीतून ते नाडी मोजायचं, गळ्यातला कंप ओळखायचं. कुणाला कुठल्या क्षणी काय ऐकवलं तर तो चांगला वाजवतो, हे दर कार्यक्रमाला शिकत जायचं. शिवाय त्याची एक मोठी करामत होती. बिनतारी आवाज मध्येच क्षणभर तुटतो, पूर्वी तेव्हा कानात खर्रकन व्हायचं. स्वकर्ण प्रत्येकाचा आवाज आधीच शिकून ठेवायचं आणि तुटलेला तुकडा आपल्या पदरचा घालून सांधून टाकायचं. कपडा रफू केल्यासारखं. कुठं फाटलं होतं ते वाजवणाऱ्याला कळायचंही नाही. कंपनी त्याला 'खंडपूर्ती' म्हणायची.

बसवताना यंत्रानं विचारलं होतं: ज्याच्या-त्याच्या मनासारखं ऐकवू, की बँडच्या भल्याचं? अण्णांनी विचारलं, "काय म्हणता?" रोजच्या कटकटीला तिघंही इतकी विटली होती, की दस्तगीर म्हणाला, "भल्याचंच दाबा अण्णा, मिटवा एकदाचं." अश्लेषानं मान डोलावली. ही मान पुढं तिला फार जड झाली.

तिच्या मनात तेव्हा दुसरंच होतं. रुंजी आठ महिन्यांची होती. नवरा नागेश कामासाठी हैदराबादला, म्हणून कार्यक्रमाला सासूबाई आणि बाळ दोघी बरोबर यायच्या. सासूबाईंना ती अत्तम्मा म्हणायची, त्यांच्या पद्मशाली घरात तेच चालतं. अश्लेषाचा स्वभाव असा की पोर गाढ झोपली असली तरी नाकाखाली बोट धरून बघायची. श्वास लागला बोटाला की मगच पाठ टेकायची. पाळण्याच्या काठाला एक चिमुकला माईक लावायचा आणि तो आपल्या कानात सोडायचा, ही कल्पना तिचीच. तिनं साउंड चेकला स्पष्ट सांगितलं होतं, "आधी रुंजी. मग मी. मग तुम्ही दोघं."

"म्हणजे मी शेवटी," दस्तगीर म्हणाला. "ढोलकीवाल्याच्या नशिबात लग्नातबी शेवटची पंगत."

आणि खरंच, किती छान चाललं होतं! गाताना गळ्यात सूर आणि कानात लेकीचा श्वास. नागेशला ती फोनवर म्हणाली होती, "अरे, असं वाटतं की मांडीवर घेऊनच गातेय." अत्तम्मांना तिनं शिकवून ठेवलं होतं, "काही लागलं तर माईकमध्ये नुसती हाक मारा, मी गाणं संपलं की येतेच." बार्शीच्या कार्यक्रमात रुंजीला सर्दी होती तेव्हा नाकातली बारीक शिट्टीसुद्धा तिला ऐकू आली होती. शिट्टी ऐकत ऐकत तिनं दोन लावण्या म्हटल्या होत्या.

मग मंगळवेढ्याचा हुरडा महोत्सव आला.

संध्याकाळी स्टेज चढताना रुंजी किरकिर करत होती, कानाशी हात नेत होती. अश्लेषाचा पाय निघेना. "दात येत असतील गं," अत्तम्मा म्हणाल्या, "तू जा, मी हाये." स्टेजमागं पटांगण ओलांडून शाळेची एक खोली दिली होती, तिथं दोघी बसल्या. अश्लेषानं पहिलं गाणं जीव मुठीत धरून म्हटलं, पण कानातली किरकिर हळूहळू विरली आणि श्वास संथ झाला. झोपली. चला, झोपली. त्या दिवशी अश्लेषा अशी गायली की हुरडा खायचा टाकून माणसं स्टेजपाशी आली. अण्णा तर कौतुकानं म्हणाले, "आज तुझ्या गळ्यात काय उतरलंय!"

कार्यक्रम संपला तशी ती बोंडं कानातच ठेवून पटांगणातून निघाली. दाराशी तिनं चप्पल काढली, झोपलेल्या पोरीला जाग येऊ नये म्हणून. अलगद दार लोटलं.

खोली रिकामी होती.

सतरंजी होती. उलटलेला पाण्याचा तांब्या होता. पाळणा होता, त्याच्या काठाला माईक होता, आणि पाळण्यात कुणी नव्हतं. आणि अश्लेषाच्या कानात रुंजी झोपली होती. संथ, एकसारखा श्वास, आणि प्रत्येक श्वासाच्या टोकाला नाकातली बारीक शिट्टी.

कुठून येतोय हा श्वास? वेड लागल्यासारखी तिनं पाळण्यातलं दुपटं उचलून बघितलं. मग शिट्टीकडे तिचं लक्ष गेलं. सर्दी कधीच बरी झाली होती. ही शिट्टी बार्शीची होती.

तिनं बोंडं उपटून काढली. बाहेरचं जग एकदम कानात आलं: कुत्री, जनरेटर, आणि शाळेचा रखवालदार, जो केव्हाचा तिला हाका मारत होता. "ओ ताई, म्हातारीला रिक्षात बसवून दिलं मी दवाखान्यात. किती रडत होतं लेकरू! तुम्हाला निरोप द्यायला स्टेजपाशी आलो तर सोडीनात की मला!"

दवाखान्यात डॉक्टरांनी रुंजीच्या कानात बारीक कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलं. लालबुंद कातडी आणि मधोमध एक भोक. आतल्या पुवानं कानाचा पडदा फुटला होता. "भरून येईल, काळजी नको," ते म्हणाले. "पण फुटेपर्यंत फार दुखतं हो. फुटला की मग लेकरू शांत होतं." रुंजी आजीच्या खांद्यावर दमून हुंदके देत होती. अश्लेषाची छाती दगडासारखी झाली होती. घरी रुंजी नुसती ऊं म्हणाली तरी तिचा पान्हा फुटायचा, ब्लाउज भिजायचा. आज पोर घसा फुटेस्तोवर रडली आणि आईच्या अंगाला त्याची खबरसुद्धा लागली नव्हती.

तिनं हात पुढं केले. अत्तम्मांनी पोर दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"हाक मारली मी," त्या म्हणाल्या. "आधी हळू मारली, मग ओरडले. अश्लेषा, ये गं बाई, पोरगी निळी पडायलीय. तिकडून तुझी लावणी ऐकू येत होती."

"अत्तम्मा, शपथ घेऊन सांगते, मला ऐकू नाही आलं. मला ती झोपलेली ऐकू येत होती!"

"झोपलेली माणसं ऐकू येतात होय?" अत्तम्मांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "चार माग चालायचे आमच्या घरात. चादरी विणून विणून कान बधिर झाले माझे. तरी नागेश रडला की मला कळायचं. मागाच्या खडखडाटातून कळायचं. तुला तर यंत्र दिलंय कानात."

गाणारी सून म्हणून गल्लीत तोंड भरून सांगणारी बाई ही. अश्लेषाच्या गाण्याला माहेरच्यांनीसुद्धा नाक मुरडलं होतं तेव्हा "मी सांभाळते पोर, तू गा" म्हणणारी. त्या दिवसानंतर त्या बोलायच्या, पण भांड्याकुंड्यापुरतं. नागेशनं फोनवर समजूत घातली. त्यालाही त्या एवढंच म्हणाल्या, "ऐकून न ऐकल्यासारखं करणारी माणसं मी लई बघितलीत."

अश्लेषाला राग आला होता, पण तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सराव होता. ती रुंजीला कडेवर घेऊनच गेली आणि दारातूनच म्हणाली, "अण्णा, तुमचा मोबाईल द्या."

बँडप्रमुख म्हणून स्वकर्णच्या सूचना त्यांच्या मोबाईलवर यायच्या. तिथं ओळी होत्या: गायिकेच्या कानातला अडथळा भरून काढला. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"हे तुम्ही बघत होता?"

"अगं, मला वाटलं बिनतारी तुटतंय मध्येमध्ये..."

"अण्णा. खरं."

अण्णांनी कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसली. "बार्शीच्या आसपास कळलं. पोर रडली की तुझी नाडी पळायची, सूर वर सरकायचा. माझ्या कानाला टोचायचा तो. मग एकदम तू इतकी स्थिर गायला लागलीस... म्हटलं, आजी आहे की तिथं. बघेल ती."

"आणि आजीनं हाक मारली तर?"

"ते मला काय माहीत, हाकही भरून काढतं म्हणून!"

दस्तगीर ढोलकी मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "अण्णा, रफू केलेला कपडा चालतो. पण ह्यानं तर माणसाला कापून चादर टाकली वर."

अश्लेषानं तिथूनच कंपनीला व्हिडिओ कॉल लावायला लावला, तेव्हा केया नावाची मुलगी भिंतीवरच्या पडद्यावर आली. नितळ चेहरा, गोड आवाज, चुकूनही न अडखळणारा.

"ताई, बाळ कसं आहे आता? आम्हाला खूप वाईट वाटलं. पण एक गैरसमज दूर करते हं. यंत्रानं खोटं काहीच ऐकवलं नाही. तो तुमच्याच बाळाचा आवाज होता."

अश्लेषानं रुंजीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माझी पोर रडत होती, आणि तुम्ही मला तिचीच जुनी झोप ऐकवलीत. हे खोटं नाही? मग खोटं कशाला म्हणतात तुमच्याकडे?"

"तसं नाही ताई. तुम्ही सर्वांनी बँडचं भलं निवडलं होतं. कामगिरीला धक्का देणारी गोष्ट यंत्र खंड म्हणून धरतं आणि..."

"खंड? रडणं म्हणजे खंड? सासूची हाक म्हणजे खंड? कान माझा, पोर माझी, आणि मध्ये काय तुटलंय ते ठरवणार तुम्ही?"

"म्हणूनच सांगत होते," केयाचा आवाज आणखी मऊ झाला. "मातांसाठी आम्ही खास आवृत्ती आणतोय. तुमचा अनुभव इतका बोलका आहे! चेहरा तुमचाच असावा असं आमच्या टीमला वाटतं."

अश्लेषा हसली. रागाच्या टोकाला माणूस हसतो तसं. "त्या फोटोत माझी पोर रडताना घेणार का झोपलेली? का एकीवर दुसरी चिकटवणार?"

दस्तगीरनं मध्येच हात वर केला, शाळेतल्यासारखा. "मॅडम, एक विचारू? माझ्या कानात ज्या टाळ्या येतात त्या खऱ्याच असतात की?"

केया प्रथमच थांबली. "प्रेक्षकांचा प्रतिसाद... सुसंगत केला जातो, सर."

दस्तगीरनं खिशातली बोंडं काढून ढोलकीवर ठेवली. "गेलं बे," तो स्वतःशीच म्हणाला. "सांगोल्यात काय टाळ्या पडल्या होत्या राव."

अण्णांनी मात्र ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात सोलापुरातच चादर महोत्सव होता, आणि तिथं स्टेजवर बसके स्पीकर ठेवायला बंदीच होती. "बोंडं नसतील तर तू बेसूर होशील," ते म्हणाले. "दोघांचं बंद करतो हवं तर. माझं राहू दे. माझ्या कानात काही खोटं नसतं. मला तू आहेस तशीच ऐकू येतेस."

"होईन बेसूर," अश्लेषा म्हणाली. "माझ्याच तोंडानं होईन."

घरी येऊन तिनं अत्तम्मांना सगळं सांगितलं, खंड, रफू, बार्शीची शिट्टी, सगळं. त्या ज्वारी निवडत होत्या. ऐकून घेतल्यावर हात थांबला.

"म्हणजे मी बोंबलत होते ते कुणाला पोचतच नव्हतं?"

"नाही."

"आणि त्या लोकांना कुणी काही बोललं नाही?"

"मी बोलले."

"काय म्हणाले?"

"फोटो काढू या म्हणाले."

अत्तम्मांनी तेलुगूत एक असा शब्द उच्चारला की अश्लेषानं रुंजीचे कान झाकले. मग त्या म्हणाल्या, "महोत्सवाला येते मी. पण खोलीत बसणार नाही. स्टेजच्या पडद्यामागंच बसणार, आणि हाक मारली की यायचं. गाणं संपायची वाट बघायची नाही."

"अर्ध्या ओळीत येईन."

महोत्सवाच्या संध्याकाळी उघड्या कानांनी स्टेजवर उभं राहिल्यावर अश्लेषाला घाम फुटला. केवढा तो कल्लोळ! स्वतःचा आवाज मैदान फिरून उशिरा परत येत होता आणि तिच्याच पायात पाय घालत होता. तिनं एका कानावर तळहात धरला, कवटीतून येणारा आवाज पकडला आणि त्याच्या आधारानं चालायला लागली. एक-दोन जागा घसरल्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीकडे बघून हसली. दस्तगीर डोळ्यांनी तिला ताल दाखवत होता, तीही त्याच्याकडे बघत होती. इतक्या महिन्यांत गाताना ती दोघं एकमेकांकडे बघत नव्हती, हे तिला आत्ता जाणवलं. अण्णा पलीकडे डोळे मिटून, मान डोलावत वाजवत होते.

तिसऱ्या गाण्याचा पहिला अंतरा चालू असताना पडद्यामागून रुंजीचा आवाज आला. पाठोपाठ ठणठणीत हाक.

"अश्लेषा!"

छाती भिजली. ओळ अर्धी होती. तिनं ती अर्धीच सोडली, माईकसमोरून निघाली आणि पडद्यामागं गेली. दस्तगीरनं बघितलं आणि हात थांबवला. अत्तम्मांनी पोर तिच्या हातात दिली, कान दाखवला. "दुखत नाही. नुसती भूक." आणि आठवड्यात प्रथमच तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "आलीस."

रुंजी प्यायला लागली. बाहेर कीबोर्ड चालूच होता.

थोड्या वेळानं लोकांत खसखस पिकली. मग मोठ्यानं हसू. अश्लेषानं पडद्याच्या फटीतून बघितलं. मैदानाला ऐकू जात होता फक्त कीबोर्ड. ढोलकी नाही, गाणं नाही. आणि अण्णा डोळे मिटून वाजवत होते. ओळीपुरतं थांबत होते, कुणाची तरी जागा ऐकून 'वा' म्हणत मान हलवत होते, मग तिच्या उत्तरादाखल एक गोड तुकडा वाजवत होते. मोकळ्या माईकच्या दिशेनं हातानं खूण करत होते: घे, पुढचं घे.

"हा कुणाला साथ देतोय गं?" अत्तम्मांनी विचारलं.

अश्लेषाला उत्तर ठाऊक होतं. पदर सावरून, रुंजीला खांद्यावर घेऊन ती स्टेजवर गेली. हसणं वाढलं, कुणी शिट्टी मारली. ती अण्णांच्या अगदी जवळ उभी राहिली, तरी त्यांना कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की क्षणभर तिचा हात अडखळला. मग तिनं त्यांच्या कानातलं बोंड ओढून काढलं.

अण्णांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे बघितलं, मग माईककडे, मग हसणाऱ्या मैदानाकडे. बोटं पट्ट्यांवरच राहिली.

अश्लेषानं ते बोंड स्वतःच्या कानाशी नेलं. आत ती गात होती. दुसरा अंतरा. श्वास जागच्या जागी, एकही सूर न घसरलेला, मागं दस्तगीरची ढोलकी, आणि टाळ्या.

खांद्यावरच्या रुंजीनं मान वळवली. आवाज ओळखीचा होता. ती हसली आणि बोंडाकडे हात पसरून झेपावली.

अश्लेषानं मूठ घट्ट आवळली.